बिडकरांच्या भिंतीतलं ऊन

विद्युलताबाई लेकीच्या, प्राचीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या त्या दोन महिन्यांसाठी. निघताना त्यांनी फ्रिजवर कागद चिकटवला होता: दूधवाल्याचा नंबर, गॅसचा नंबर आणि 'कढीपत्त्याला पाणी'. ते जुलै महिन्यात. ऑगस्टात बाळ झालं. मग बारसं झालं, मग बाळाला सर्दी झाली, मग प्राचीची रजा संपली, मग बाळाला सांभाळायला बाई मिळेना. मिळाली ती बाळाला आवडेना, आणि बाळाला आवडली ती विद्युलताबाईंना आवडेना. असं करता करता फेब्रुवारी उजाडला. फ्रिजवरचा कागद पिवळा पडला आणि कढीपत्ता छातीएवढा झाला.

शरदचंद्र बिडकरांचं यावर काही म्हणणं नव्हतं. निदान ते काही म्हणत नव्हते. मद्रासजवळच्या आवडी या गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढलेला माणूस तो. रणगाड्याच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायची, त्यावर मापं घालायची. ज्या गोष्टीला माप नाही ती कागदावर येत नाही, हे हाडीमाशी खिळलेलं. रोज संध्याकाळी सात वाजता पुण्याला फोन व्हायचा. आज काय केलंत, बाळाला दात आला का, गुडघा कसा आहे. "तू आता परत ये" हे चार शब्दांचं वाक्य त्यांनी तीन-चार वेळा मनात अगदी नीट जुळवून ठेवलं होतं. एकदा नेमकं त्या वेळी बाळ रडलं. एकदा आवाज तुटला. आणि एकदा सगळं शांत, निवांत असताना त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "तिकडे कोथिंबीर कशी मिळते?" विद्युलताबाईंनी कोथिंबीर चांगली मिळते असं सांगितलं आणि फोन संपला.

एप्रिलात ते निवृत्त झाले होते आणि जुलैत ती गेली होती. म्हणजे छत्तीस वर्षांच्या संसारात दोघं दिवसभर एकत्र घरात असण्याचे महिने तीन. त्यातला एक त्यांनी कपाटांची बिजागरं दुरुस्त करण्यात घालवला होता. हे आता त्यांना राहून राहून आठवायचं.

फेब्रुवारीतल्या एका फोनवर विद्युलताबाई सहज म्हणाल्या, की प्राचीच्या स्वयंपाकघराला केवढी मोठी खिडकी आहे, तांदूळ निवडायला चष्मासुद्धा लागत नाही. नाहीतर अंबत्तूरच्या आपल्या घरी बावीस वर्षं भर दुपारी ट्यूब लावून पोळ्या लाटल्या. तक्रार म्हणून नाही, हवापाणी सांगावं तशा त्या बोलल्या. पण बिडकरांनी फोन ठेवला तो उभ्या उभ्या. इतके महिने जे धुक्यासारखं होतं त्याला एकदम जागा मिळाली, लांबी-रुंदी मिळाली. दोष सापडला होता. स्वयंपाकघरात उजेड नाही, म्हणून ती येत नाही. उजेड आणला की येईल.

दोष खराच होता. अंबत्तूरच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या तीन-बी फ्लॅटच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, आणि ती उघडायची डक्टमध्ये. त्यात चार मजल्यांचे पाइप आणि पारवे. पण समोरच्या तीन-एमध्ये वेगळा प्रकार होता. तिथे चंद्रिकाबाई एकट्या राहायच्या. निवृत्त शिक्षिका, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आलेलं आणि नंतर तमिळच्या शेजारी राहून मऊ झालेलं. बिडकरांना मद्रासेत येऊन पस्तीस वर्षं झाली तरी चंद्रिकाबाईंच्या लेखी ते कालच उतरलेले पाहुणे होते. विद्युलताबाई गेल्यापासून त्या सकाळी सात वाजता त्यांना कॉफीला बोलवायच्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीत पूर्वीच खिडकी पाडून घेतली होती आणि तिच्यातून कोवळं ऊन ओट्यावर येऊन बसायचं. एकच बिल्डर, एकच नकाशा. मग आपल्याही बाहेरच्या भिंतीत खिडकी पाडली की झालं, असं बिडकरांनी ठरवलं.

दुसऱ्या कुणी सरळ गवंडी बोलावला असता. पण आधी काढल्याशिवाय काही बांधायचं नाही, हा बिडकरांचा धर्म. शिवाय ते विद्युलताबाईंना दाखवायचं होतं, आणि त्यांना ड्रॉइंग वाचता येत नसे. बावीस वर्षांपूर्वी याच फ्लॅटचा नकाशा त्यांच्यापुढे पसरला तेव्हा त्यांनी बराच वेळ बघून विचारलं होतं, "यात दार कुठे आहे?" बिडकर तेव्हा हसले होते, ऑफिसातही त्यांनी तो किस्सा सांगितला होता. आता ते आठवून त्यांना कसंसंच झालं. या वेळी रेघा नकोत. या वेळी तिला दिसलं पाहिजे, ऊन कुठून येतं आणि कुठे पडतं.

त्यांनी लावण्याला फोन केला. लावण्या पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून होती, आता श्रीपेरुंबुदूरला मोटारींचे डॅशबोर्ड डिझाइन करायची. रविवारी ती गाडीतून स्वतःचा जुना कॉम्प्युटर घेऊन आली, तो जेवणाच्या टेबलावर मांडला आणि त्यात नवं सॉफ्टवेअर घातलं. कॉम्प्युटर सुरू केला की इडलीचं पीठ वाटायला घातल्यासारखा आवाज व्हायचा. "सर," ती म्हणाली, "आता चित्रासाठी थांबावं लागत नाही. हा सूर्य धरायचा आणि ओढायचा." तिने पडद्यावरचा पिवळा ठिपका ओढला, आणि तिने नमुन्याला काढलेल्या टेबलाची सावली त्याच क्षणी जमिनीवरून सरकली.

बिडकरांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या तरुणपणी उजेड म्हणजे पेन्सिलीच्या तिरक्या रेघा. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा छायाप्रकाश म्हणजे इंजिन असो वा नट, सगळं आंघोळीच्या साबणातून कोरल्यासारखं दिसायचं. आणि इथे भिंत छताला मिळते तिथे खऱ्या घरात येतो तसा हलकासा अंधार साचत होता. लाल फरशीची लाली पांढऱ्या भिंतीवर वीतभर चढत होती. आपण चित्र फिरवावं, तर स्टीलवरची चमकही बरोबर फिरत होती. लावण्या गेली तरी ते बराच वेळ सूर्य पुढे-मागे करत बसले होते.

मग त्यांनी काम काढलं. बिल्डरने पूर्वी दिलेला नकाशा तीन-एचा होता, खाली बारीक अक्षरांत 'तीन-बी उलट' एवढाच शेरा. त्यांनी तीन-ए काढला, सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश तेरा, रेखांश ऐंशी, महिना मार्च असं सगळं घातलं, आणि 'सगळं निवडा' म्हणून आरशातल्यासारखं उलटं केलं. तीन-बी तयार झाला. भिंतीत चार फुटी खिडकी घातली. सकाळचे सात वीस केले. ऊन आत आलं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण रिकाम्या ओट्यावर पडलेलं ऊन त्यांना पोरकं वाटलं. ओट्यावर डबे हवेत. त्यांनी डबे काढले, त्यांना स्टील लावलं, तर ते दुकानातल्यासारखे लखलखायला लागले. विद्युलताबाईंचे डबे असे नव्हते. नारळाच्या काथ्याने छत्तीस वर्षं घासून त्यांची चमक आतल्या आत मुरली होती. नुसत्या त्या मुरलेल्या चमकेवर चार दिवस गेले. मग पोह्यांच्या डब्याला पोचा होता तो आठवला. तो कुठल्या बाजूला, हे बघायला ते आत गेले आणि डबा हातात घेऊन उभे राहिले. कारण डबा मिळाला तो तिने ठेवलेल्या जागेवर नव्हता. जुलैपासून त्यांनी आपल्या सोयीने सगळी मांडणी बदलली होती. तिची मांडणी कशी होती, हे त्यांना सांगता येईना. ज्या माणसाला रणगाड्याच्या गिअरबॉक्समधले एकशे बारा भाग क्रमाने पाठ होते, त्याला स्वतःच्या घरात चहाचा डबा कुठे असायचा ते माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळपासून फोनवरची विचारपूस बदलली. हिंग कुठल्या फळीवर ठेवायचीस? पोळपाट उभा ठेवायचीस की आडवा? गाळणीला खिळा होता का? विद्युलताबाई आधी म्हणाल्या, संपलं का काही? मग म्हणाल्या, तुमची तब्येत बरी आहे ना? मग मात्र त्या सांगायला लागल्या. गाळणी खिळ्याला, खिळा ओट्याच्या डाव्या हाताला, कारण उजव्या हातात दुधाचं पातेलं असतं. बिडकर लिहून घ्यायचे. फोन आता पाच मिनिटांचे पंचवीस मिनिटांचे व्हायला लागले होते.

चंद्रिकाबाई रोज येऊन प्रगती बघायच्या आणि सल्ला द्यायच्या. खिडकीच्या गजांना कमळाची नक्षी हवी. ओट्यावर नारळ हवा. एकदा त्यांनी पदराने पडदा पुसून चित्र नीट न्याहाळलं आणि विचारलं, "यांत अस्की आहे, कापीचा फिल्टर कसाला नाही?" अस्की म्हणजे त्यांच्या मराठीत सगळं. बिडकरांकडे चहाच व्हायचा, पण शेजारधर्म म्हणून त्यांनी पितळी फिल्टरही काढला. पितळेवर आणखी एक दिवस गेला.

चित्र पुरं झालं त्या सकाळी बिडकर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. ऊन गजांमधून येत होतं, डब्यांवरून घसरत होतं, पोच्यापाशी जरा अडत होतं आणि जमिनीवर पाटाएवढं पसरत होतं. आत्ता कुणी आतल्या खोलीतून येईल आणि गाळणीकडे हात करील, असं वाटत होतं. त्यांनी मागे वळून खऱ्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे ट्यूब चालू होती.

त्यांचा बेत असा होता, की संध्याकाळी फोनवर स्वतः सूर्य ओढून दाखवायचा. पण चंद्रिकाबाई आल्या, त्यांनी चित्र आपल्या फोनवर मागून घेतलं आणि घरी पोचायच्या आत कौतुकाने इमारतीच्या ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपमध्ये विद्युलताबाई अजून होत्याच. दहा मिनिटांत दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट म्हणजे फोन वाजला. सकाळी अकरा वाजता पुण्याचा फोन म्हटल्यावर बिडकर घाबरले. पलीकडे आधी बाळाचा खुळखुळा वाजला. मग विद्युलताबाई म्हणाल्या, "अहो, किती छान झालंय."

छत्तीस वर्षांत विद्युलताबाईंनी त्यांच्या हातच्या दोनच कामांची स्तुती केली होती, एक पाळण्याची आणि एक मिक्सरच्या झाकणाची. बिडकरांनी खुलासा करायला तोंड उघडलं.

"पोह्याच्या डब्याचा पोचासुद्धा दिसतोय," त्या म्हणाल्या. "आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. म्हणून ते सगळं विचारत होतात होय? पुढच्या गुरुवारी निघते मी. प्राची घेईल चार दिवस रजा. मला बघायचंय ते ऊन."

बिडकरांनी तोंड मिटलं. हे नुसतं चित्र आहे, हे वाक्य कोथिंबिरीच्या वाक्यापेक्षा फार अवघड नव्हतं. पण ते उच्चारलं असतं तर गुरुवार गेला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे गजेंद्रन आले. हे इमारतीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. इमारतीच्या बाहेरच्या भिंती ही आपली खाजगी जबाबदारी आहे असं मानणारे. त्यांच्या हातात शिक्का मारलेली इंग्रजी नोटीस होती: तीन-बीच्या मालकांनी पूर्वपरवानगीवाचून बाहेरची भिंत फोडून खिडकी केली आहे, खुलासा करावा. बिडकरांनी हसून सांगितलं की ते कॉम्प्युटरचं चित्र आहे. गजेंद्रननी चष्मा लावला, फोनवरचं चित्र मोठं केलं आणि जमिनीवर पडलेल्या गजांच्या सावलीवर बोट ठेवलं. "सार," ते शांतपणे म्हणाले, "नसलेल्या गजाची सावली पडत नाही."

तीन जणांची पाहणी समिती आली. तिने भिंतीवर तळहात फिरवला, एकाने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. भिंत जागेवर होती. पण त्यामुळे गजेंद्रनची अडचण वाढली. नोटीस रजिस्टरात चढली होती, आणि चढलेली नोटीस रद्द करायची नियमांत सोय नव्हती, फक्त पूर्तता करायची होती. तेव्हा बिडकरांना लेखी द्यावं लागलं, की मी न पाडलेली खिडकी मी पूर्ववत बंद केली आहे. खाली सही, तारीख. चौतीस वर्षांत ज्या हाताने एका चुकीच्या मापावर सही केली नव्हती, त्या हाताने ही केली. त्यानंतर त्यांनी खिडकी पाडायला परवानगी मागणारा अर्ज दिला, तेव्हा समितीतला एक सदस्य म्हणाला की अर्जदाराचा पूर्वेतिहास चांगला नाही.

परवानगी कदाचित दिवाळीपर्यंतही मिळाली नसती. पण समितीचे तिन्ही सदस्य जाताना एकेकटे मागे रेंगाळले होते. एकाला आपल्या हॉलचं असं चित्र हवं होतं, दुसऱ्याला देवघराचं, मुरुगनच्या चेहऱ्यावर उजेड पडलेला. तिसरे स्वतः गजेंद्रन. त्यांना आपल्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये सकाळ झालेली बघायची होती. बिडकरांनी सगळ्यांना हो म्हटलं. सोमवारी परवानगी आली, अट एकच, की राडारोडा लिफ्टमधून न्यायचा नाही.

हातात चार दिवस होते. वेंकट मेस्त्री हा त्या भागातला नावाजलेला गवंडी. बिडकरांनी त्याला चित्र दाखवून असंच करायचं असं सांगितलं. वेंकटने ते फोनवर मोठं करकरून पाहिलं, गिलाव्याच्या कडा पाहिल्या, कोपरे पाहिले, आणि हे काम कुणी केलंय ते विचारलं. मी, असं बिडकर म्हणाले. मग मला कशाला बोलावलं, असं तो म्हणाला आणि अपमान झाल्यासारखा उठायला लागला. त्याला समजावण्यात सोमवार गेला. मंगळवारी डबे चादरीत बांधून हॉलमध्ये आले, शेगडी कॉम्प्युटरशेजारी टेबलावर आली. बुधवारी संध्याकाळी अंधार पडता पडता भिंतीला चार फुटी भोक पडलं आणि बाहेरचा वारा घरात शिरला.

गुरुवारी सकाळी पावणेसातला बिडकर आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, विटांच्या ढिगात खुर्ची टाकून त्या भोकासमोर बसले. हातात घड्याळ होतं. सात वीस झाले. काही आलं नाही. आभाळ तर स्वच्छ निळं होतं. साडेसात झाले. पावणेआठला चंद्रिकाबाई डोशाची ताटली घेऊन आल्या, त्यांना तसं बसलेलं बघून दारातच थांबल्या.

"कुणाची वाट बघता?" त्यांनी विचारलं.

"सूर्याची."

चंद्रिकाबाईंनी भोकाकडे पाहिलं, बिडकरांकडे पाहिलं, आणि ताटली हळूच खाली ठेवली. शाळेत कच्च्या मुलाशी बोलावं तशा मायेने त्या म्हणाल्या, "तो माझ्या घरीं आला आहे, बिडकर. तुमच्याकडे चार वाजता येतो."

तीन-ए पूर्वेला आणि तीन-बी पश्चिमेला. त्यात अवघड असं काहीच नव्हतं. बिडकर कॉम्प्युटरपाशी गेले आणि पाच मिनिटांत त्यांना चूक सापडली. 'सगळं निवडा' म्हणून त्यांनी घर उलटं केलं होतं, आणि त्या सगळ्यात सूर्यही होता. फ्लॅटबरोबर तोही आपल्या दिशांची चकती घेऊन निमूटपणे पलीकडे गेला होता. चौतीस वर्षांत त्यांनी डावा भाग उजवा केला नव्हता, आणि आता पूर्व पश्चिम केली होती.

पण त्याहून दुसरी गोष्ट त्यांना लागली. बावीस वर्षं ज्या घरात राहिलो, तिथे सूर्य कुठून येतो हे आपल्याला कळायला हवं होतं. नव्हतं कळलं, कारण सहा दहाला कारखान्याची बस असायची. परत येईपर्यंत दिवेलागण व्हायची. रविवारी पडदे ओढून झोपायचं. निवृत्त होईपर्यंत उन्हाच्या वेळेला ते त्या घरात कधी नव्हतेच, आणि नंतर होते तरी उन्हाकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ती होती. वेंकटला त्यांनी जरा रागानेच विचारलं की तुला दिसत नव्हतं का. तो म्हणाला, मला वाटलं वाऱ्यासाठी पाडताय.

आणि चार वाजता सूर्य आला. चित्रातला कोवळा, घसरता उजेड नव्हे. मार्चमधलं मद्रासचं तिसऱ्या प्रहरचं ऊन दार ढकलून आल्यासारखं आत घुसलं, विटांवर पडलं, सिमेंटच्या धुळीत पेटलं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन धडकलं. दहा मिनिटांत ओटा तापला. कोपऱ्यात ठेवलेलं दूध नासलं. बिडकर छत्री उघडून उभे राहिले. पुण्याची गाडी एव्हाना सुटली होती.

शुक्रवारी गाडी साडेतीन तास उशिरा आली. पेरांबूर स्टेशनवर विद्युलताबाई उतरल्या त्या बारीक झाल्या होत्या आणि केस जास्त पिकले होते, की ते आधीच तसे होते हे बिडकरांना ठरवता येईना. ऑटोत त्यांनी तीन वेळा सांगायचा प्रयत्न केला. पण विद्युलताबाई बाळाबद्दल बोलत होत्या, आणि त्या बोलत असताना इतक्या जवळून बघायला मिळालेलं त्यांना मोडवेना. जिने चढून दार उघडलं तेव्हा चार वाजत आले होते.

विद्युलताबाई हॉलमधल्या चादरीतल्या डब्यांना वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि थांबल्या. आत विटा, वाळूचं पोतं, उघडं भोक आणि डोळे दिपवणारं ऊन. बिडकरांनी मागे उभं राहून एका दमात सगळं सांगून टाकलं. ते चित्र होतं. खिडकी नव्हतीच. नंतर पाडली, पण दिशा चुकली. सूर्य उलटा झाला. सकाळी इथे काही येत नाही.

विद्युलताबाईंनी दाराशी पडलेली एक वीट पायाने बाजूला सारली. "डब्याचा पोचा तुम्ही काढलात?" त्यांनी विचारलं. "मनानं?"

"बघून काढला. दोन दिवस लागले."

"मग फोनवर का नाही सांगितलंत, की हे चित्र आहे म्हणून?"

बिडकरांनी भोकाकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं. कोथिंबिरीचं नाव काढायलाही काही जागा नव्हती.

"तू येते म्हणालीस," ते म्हणाले. "मग कसं सांगणार?"

विद्युलताबाई चपला काढून त्या धुळीतून आत गेल्या. त्यांनी उन्हात हात धरला, पालथा केला, बांगड्या फिरवून पाहिल्या. मग म्हणाल्या, "सकाळी कुणाला वेळ असतो उन्हाकडे बघायला? तुमचा डबा, प्राचीचा डबा. चार वाजता मी इथे एकटी चहा करायचे. ट्यूब लावून." त्यांनी भोकातून बाहेर डोकावून पाहिलं. "चार वाजता चालेल मला."

पण परतीचं तिकीट पर्समध्ये होतं. ते त्यांनीच रात्रीच्या जेवणाआधी काढून फ्रिजवर ठेवलं. वेंकटला किती दिवस लागतील, त्यांनी विचारलं. बिडकरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आठ. मग काम उरकून जाते, त्या म्हणाल्या, प्राचीला तेवढं सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी जिन्यात वेंकटला गाठून बिडकरांनी त्याच्या कानात सांगितलं की काही घाई नाही, तुझ्या सवडीने कर. वेंकटच्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात हे त्याला कुठल्याच घरमालकाने सांगितलं नव्हतं. त्याला दाट संशय आला, की हे आपल्याला काढून दुसरा मेस्त्री आणणार. तो रोज सकाळी आठच्या ठोक्याला यायला लागला, बरोबर आणखी दोन माणसं घेऊन. आठ दिवसांचं काम पाच दिवसांत संपायला आलं. बिडकरांनी चौकट ओळंब्यात नाही म्हणून अडवायचा प्रयत्न केला. वेंकटने ओळंबा लावून दाखवला, केसाचाही फरक नव्हता. त्यांनी गिलाव्यात खोट काढली. वेंकटने तो त्यांच्याच पट्टीने मोजून दिला. आयुष्यात पहिल्यांदा बिडकरांना चोख कामाचा राग आला. एकीकडे डबे एकेक करून हॉलमधून आपापल्या फळीवर परत जात होते. विद्युलताबाई हात न थांबवता ते लावत होत्या, गाळणी खिळ्याला अडकवत होत्या. संध्याकाळी त्या बाळाचे फोटो बघायच्या आणि बिडकर त्यांच्याकडे बघायचे.

बुधवारी दुपारी ओट्यामागची शेवटची टाइल बसली. फिकट पिवळी, दोघांनी दुकानात जाऊन एकत्र निवडलेली. विद्युलताबाईंना ती पहिल्या नजरेत आवडली होती, दुकानदारापुढे त्यांनी दोनदा तसं म्हटलंही होतं. वेंकटने फडक्याने सांधे पुसले, गजांवरून हात फिरवला आणि बाईंना हाक मारली. चार वाजले होते. ऊन नव्या गजांतून येऊन टाइलवर पडलं होतं आणि सगळी खोली लोण्यासारखी पिवळी झाली होती. बिडकर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. यात काढण्यासारखी एकही खोट त्यांना सापडत नव्हती.

विद्युलताबाई हात पुसत आल्या. त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. खाली वाकून पाहिली. फ्रिजकडे एकदा पाहिलं. मग आपल्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्या वेंकटला म्हणाल्या, की ही टाइल चालणार नाही, फार चकाकते. सगळी काढा, दुसरी लावा.

वेंकटने बिडकरांकडे पाहिलं. बिडकर खिडकीतून बाहेर बघत होते.

नवी टाइल मागवावी लागेल, वेंकट म्हणाला, ही फोडून काढावी लागेल, मागचा गिलावा पुन्हा करावा लागेल. पंधरा दिवस तरी धरा. जास्तही लागतील.

"लागू देत," विद्युलताबाई म्हणाल्या. "घाई नाही." आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं. आधी दोन कप घेतले, मग वेंकटकडे बघून तिसरा घेतला.